दुसरं लेबल

उल्काताईने आधी मागे वळून पाहिलं. मग वर, रेस्ट हाऊसच्या वाटेकडे. धुकं इतकं दाट होतं की वीस पावलांवर उभी असलेली मी तिला दिसणं शक्यच नव्हतं. मला मात्र तिचं लाल जॅकेट दिसत होतं. तिने जॅकेटच्या आतून एक बाटली काढली. आमचीच, नमुन्यांची, निळ्या झाकणाची. बांजाच्या, म्हणजे डोंगरी ओकच्या, बुंध्याशी ती उकिडवी बसली आणि बाटलीतलं पांढरं काहीतरी मुळांवर ओतू लागली. घाई नव्हती. शेवटचा थेंब निथळेपर्यंत थांबली. मग हाताने ओली पानं त्यावर सारली, झाडाच्या सालीला तळवा टेकवून क्षणभर उभी राहिली आणि वर निघून गेली.

मी पुढे होऊन पाहिलं. बुंध्यावर पत्र्याची चकती ठोकलेली होती. चौदा. माझ्या प्लॉटमधलं झाड.

झाडापासून हातभर अंतरावर माझी अळंबी होती. आदल्या दुपारी मी तिच्यातली भुंगेऱ्याची मादी चिमट्याने उचलली तेव्हा अळंबी धडधाकट होती. आता तिची टोपी एका बाजूला कलली होती आणि देठातून काळं पाणी गळत होतं. आत अळ्या वळवळत होत्या, माश्यांच्या.

नऊ दिवसांतली ही सातवी.

"सापडलीस," मी म्हणाले. मोठ्याने नाही, पण म्हणाले.

आठ वर्षं झाली त्याला. मी पंचवीस वर्षांची होते आणि पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत कीटकांच्या संग्रहावर काम करत होते. केळुसकर सरांनी आम्हा दोघींना तीन आठवड्यांसाठी कुमाऊँच्या जंगलात पाठवलं होतं. साडेआठ हजार फुटांवर वनखात्याचं जुनं रेस्ट हाऊस, त्यात दोन खोल्या, एक व्हरांडा आणि स्वयंपाक करणाऱ्या हंसादीदी. भोवती बांज, देवदार आणि अखंड ठिबकणारं पाणी. काम एकच, एका भुंगेऱ्याची ओळख पटवायची.

रोव्ह बीटल म्हणतात त्या कुळातला. लांबट, बोटाच्या पेराएवढाही नाही, काळा कुळकुळीत आणि कमरेला नारिंगी पट्टा. पंखांवरचं कवच इतकं आखूड की आखूड बंडी घातलेल्या माणसाची पाठ उघडी पडावी तसं त्याचं सगळं पोट उघडं. पुढे कातरीसारखे एकमेकांवर आलेले दोन जबडे. शंभरेक वर्षांपूर्वी कुणा इंग्रज जंगल अधिकाऱ्याने याच डोंगरावरून त्याची एक मादी पकडून विलायतेला पाठवली होती. त्यानंतर कुणी पाहिल्याची नोंद नाही. जगाच्या दप्तरी एक मादी आणि चार ओळी, एवढाच त्याचा पत्ता. नर कुणी पाहिलाच नव्हता, आणि या भुंगेऱ्यांत खात्रीची ओळख नरावर ठरते. त्याच्या पोटाच्या टोकाचा मिलिमीटरभर भाग सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की मगच नाव छातीठोकपणे सांगता येतं.

प्रकल्पात पुढच्या तीन वर्षांसाठी जागा एकच होती. सर निघताना आम्हा दोघींसमोर म्हणाले होते, "अकराव्या दिवशी मी वर येतो. जंगलात काय करता ते बघतो, मग ठरवू कोण राहणार."

उल्का धामणस्कर माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. मूळची लांज्याची, आधी दुसऱ्या संस्थेत होती. आमच्याकडे येऊन तिला चार महिने झाले होते. कमी बोलायची. पहिल्याच दुपारी व्हरांड्यात जेवताना तिने मला विचारलं होतं, "केतकी, माझ्या आधी इथे कोण होतं गं?"

"प्राजक्ता. तिला बाळ झालं." मी मडुव्याच्या, म्हणजे नाचणीच्या, रोटीला तूप लावत होते. "गेली विकेट! आता काय, लंगोट आणि शी-शू. सर म्हणतात, बाळ आणि जंगल एका पाठीवर मावत नाही."

मी हसले. तीही थोडी हसली असावी.

"तुझ्या घरी कोण कोण असतं?" मी विचारलं.

"नवरा. सासूबाई." रोटीचा तुकडा तिने बराच वेळ डाळीत बुडवून धरला होता. "बास."

जंगलाचे आम्ही दोन भाग केले होते. ओढ्याच्या अलीकडचा प्लॉट अ तिचा, पलीकडचा ब माझा. भुंगेरे तिसऱ्याच दिवशी सापडले. मोठ्या फिकट अळंब्यांच्या देठात, टोपीच्या अगदी खाली, एक छोटी पोकळी कोरलेली असायची. तिच्यात दहा-बारा अंडी आणि अंड्यांना डोकं लावून बसलेली एक मादी. मी नाचायचीच बाकी होते. चिमटा काढला, मादी उचलली, अल्कोहोलच्या बाटलीत टाकली आणि पेन्सिलीने चिठ्ठी लिहून बाटलीत सरकवली. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, पेन्सिल टिकते. आमच्या कामातला पहिला धडा: आधी पकडायचं, मग पाहायचं. आणि दुसरा, चिठ्ठी लिहिली की ती नमुन्यापासून कधीही वेगळी करायची नाही. ओळख चुकली तरी नाही. चूक कळली तर तिच्या खाली दुसरी चिठ्ठी घालायची, आपल्या नावाची आणि सालाची. सर म्हणायचे, "खोडरबर संग्रहात आणायचं नाही. चुकासुद्धा इथे मुक्कामाला असतात."

उल्काताईला माझी पद्धत पसंत पडली नाही. चौथ्या दिवशी ती ओढा ओलांडून माझ्याकडे आली होती. मी चिमटा पुढे केला तशी तिने माझं मनगट धरलं.

"ही नको उचलूस ना."

"का?"

"बसलीय ती. बसू दे."

"बसलीय म्हणजे काय? अंडी खातेय ती, उल्काताई. जबडे बघ तिचे."

"खाताना पाहिलंस?"

"अंड्यांत तोंड खुपसून बसलीय, आणखी काय पाहायचं राहिलं?"

"मांजर पिल्लाला तोंडात धरते ते खायलाच का?"

"मांजराचं मला नको सांगूस. मला नर हवाय. दहा उचलल्या तर एखादा नर निघेल."

"एका अळंबीत एकच असते. आणि मादीच असते. कालपासून मी हेच बघतेय." मनगट सोडून ती म्हणाली, "थोडी थांब की. बसून बघ."

मी उचलली. माझ्या टिपणवहीत त्या दिवशीची नोंद अजून आहे: 'अंडी खाणारी. अंडी बहुधा दुसऱ्या जातीची.'

पण संशयाची पाल चुकचुकली ती तिथे. हिला माझ्याकडे नमुने जमायला नको आहेत, असं मला वाटलं. आणि एकदा तसं वाटल्यावर मग बाकीचं आपोआप दिसायला लागलं. मी अळंबीतून मादी उचलली की दोन दिवसांत ती अळंबी काळी पडून बसायची. उल्काताईच्या अळंब्या मात्र टवटवीत. तेच जंगल, तोच पाऊस, मध्ये एक ओढा. असं कसं?

ती दिवसातून तीन-चारदा खोलीला आतून कडी लावायची. वीस-पंचवीस मिनिटं. बाहेर यायची तेव्हा जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढलेली असायची. सातव्या दिवशी तिला बारीक ताप होता. दीदींकडे तिने गरम पाणी मागितलं ते समजण्यासारखं होतं; पण त्याबरोबर कोबीची पानं मागितली. कच्ची, आख्खी, मोठी. दीदींनी एक अक्षर न विचारता सगळ्या गड्ड्याची पानं सोलून दिली.

"कोबी कशाला गं?" मी विचारलं.

"असाच."

कोबी कुजवून भुंगेऱ्यांसाठी आमिष करतात हे मला ठाऊक होतं. म्हणजे ही खोलीत लपवून सापळे बनवतेय. नर तिला आधी हवाय.

संध्याकाळी ती डोंगराच्या धारेवरच्या गोलू देवतेच्या देवळापाशी जायची. फोनला रेंज फक्त तिथेच. त्या दिवशी मी मागोमाग गेले. नवसाच्या शेकडो घंटा टांगलेल्या होत्या तिथे, वाऱ्याने किणकिणत होत्या, आणि त्यांच्या आडून तिचा आवाज येत होता.

"साठच? काल तर नव्वद घेतलं होतं... बरं, मग तिन्हीसांजेला परत द्या... नाही हो, इथे कुणाला माहीत नाही. आणि व्हायला नको. सर येऊन जाईपर्यंत तरी नको."

साठ आणि नव्वद. मी परत येईपर्यंत ते आकडे घोकत होते. आमचे सगळे नमुने मिळून वीसही नव्हते. आणखी कुणीतरी, कुठेतरी, हिच्यासाठी गोळा करत होतं. आणि सरांपासून लपवून.

मग नवव्या दिवशी धुक्यात ती बाटली.

दहाव्या दिवशी ती आंघोळीला गेली तेव्हा मी तिच्या खोलीत शिरले. उशीजवळच्या पिशवीत निळ्या झाकणाची बाटली होती, तळाशी दोन बोटं पांढरं उरलेलं. मी माझ्या छोट्या बाटलीत त्यातलं थोडं ओतून घेतलं. खराब होऊ नये म्हणून सवयीने वर अल्कोहोल भरलं. आतलं पांढरं फाटल्यासारखं होऊन खाली बसलं. मग पेन्सिलीने चिठ्ठी लिहिली: 'अज्ञात द्रव. विषारी? प्लॉट ब, बांज १४, बुंध्यावर ओतलेला. संकलन: के. कुंभोजकर.' नोंदवहीत क्रमांक चढवला आणि बाटली नमुन्यांच्या पेटीत ठेवली. सगळं शिस्तीत.

सर अकराव्या दिवशी दुपारी पोचले. येताना सूक्ष्मदर्शकासाठी नवा दिवा घेऊन आले होते, खुशीत होते. व्हरांड्यात चहाला बसलो. त्यांनी विचारलं, "काय मग, नर मिळाला का कुणाला?"

"सर, त्याआधी मला एक दाखवायचंय." मी बाटली टेबलावर ठेवली.

त्यांनी ती उजेडात धरली आणि चिठ्ठी वाचली. "विषारी? हे काय आहे?"

"उल्काताईला विचारा. रोज माझ्या प्लॉटमध्ये ओततेय. माझ्या सात अळंब्या गेल्या, तिची एकही नाही. बाटल्या आपल्याच वापरते. आणखी कुणीतरी तिच्यासाठी गोळा करतंय, सर. साठ-नव्वदच्या गोष्टी मी कानांनी ऐकल्यात."

उल्काताईच्या हातात कप होता. तो तिने बशीत ठेवला. आवाज झाला नाही.

सरांनी झाकण उघडून हुंगलं. "फॉर्मॅलिन नाही."

"अल्कोहोल मी घातलंय. टिकावं म्हणून."

हंसादीदी भजी घेऊन आल्या होत्या. त्यांनी बाटलीकडे पाहिलं, उल्काताईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ताटली खाली ठेवून सरांच्या हातातून बाटली घ्यायला हात पुढे केला. "छोड़िए साहब, चाय ठंडी हो रही है."

"राहू द्या, दीदी," उल्काताई म्हणाली. मग सरांकडे बघून, अगदी सरळ आवाजात, "दूध आहे, सर."

"दूध? कसलं दूध?"

"माझं."

सरांनी बाटली खाली ठेवली, इतकी हळू, की जणू ती हातात फुटेल.

मला काहीतरी बोलायलाच हवं होतं आणि मी नेमकं तेच बोलले जे बोलायला नको होतं. "पण मग माझ्या झाडावर का?"

पहिल्यांदाच ती माझ्याकडे वळली. "मोरीत ओतायचं नसतं गं. आई म्हणते, अंगावरचं दूध झाडाच्या मुळाशी घालावं, पायदळी येऊ नये. माझ्या प्लॉटमधून लाकडं आणायला बायका जातात, वाट आहे तिथे. तुझ्या बाजूला कुणी येत नाही."

"किती महिन्यांचं आहे?" सरांनी विचारलं.

"सात होतील मंगळवारी. मुलगा आहे."

"अगं, मग आलीस कशाला? आधी सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर पाठवलं असतंत?"

"अर्थातच नसतं पाठवलं," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखरीची माया होती. "लहान लेकरू टाकून कुणी येतं का जंगलात? उद्या सकाळी माझ्याबरोबर जीपने चल. काठगोदामपासून तिकिटाचं मी बघतो. घरी जा आधी."

"आणि जागेचं?"

"ते... नंतर बघू."

तिने मान हलवली. तिला कळलं होतं. मलाही कळलं होतं.

ती सामान आवरायला आत गेल्यावर मी ताटली उचलून स्वयंपाकघरात नेली. दीदी चुलीपाशी बसल्या होत्या. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "बेटी, मैंने सोचा तुझे तो पता होगा. एक ही छत के नीचे सोती हो."

सकाळी जीप सुरू झाल्यावर उल्काताईने तिची वही माझ्या हातात दिली. "सरांना द्यायची म्हणून ठेवली होती. पण वर तूच राहतेयस." जरा थांबून म्हणाली, "माझ्या सहा नंबरवरची उचलू नकोस. दोन दिवसांत फुटतील अंडी."

मी 'सॉरी' म्हणाले का? म्हणाले असेन. इंजिनाचा आवाज मोठा होता.

सहा नंबरच्या झाडापाशी मी ताडपत्री टाकून बसले. देठाला उल्काताईने ब्लेडने नखाएवढी खिडकी पाडली होती आणि सालीचा पातळ तुकडा दारासारखा लावून ठेवला होता. तो बाजूला केला की आतलं सगळं दिसायचं. मादी अंड्यांवर होती. मी वाट बघत राहिले, खाते कधी. तिने एक अंडं जबड्यात उचललं. तेच कातरीसारखे जबडे, आणि अंड्यावर ओरखडा नाही. ते फिरवलं, चाटलं, पुसलं आणि दुसऱ्या बाजूला ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं. एक माशी देठावर उतरली तशी ती पोकळीच्या तोंडाशी धावली, पोट विंचवासारखं वर वळवून उभी राहिली. माशी उडाली. ती परत अंड्यांशी. साडेतीन तासांत तिने स्वतः काही खाल्लं नाही.

मी मोजलं. माझ्या सात अळंब्यांतून मी सात जणी उचलल्या होत्या. त्यानंतर दोन दिवसांत काय होतं ते मला ठाऊक होतं. ते मी स्वतःच वहीत लिहून ठेवलं होतं, तारखांसकट.

तिन्हीसांजेला नर आला. उडत आला, टोपीवर उतरला, देठाकडे गेला. मादीने त्याला आत घेतलं नाही. दारातच दोघांची झटापट झाली आणि तो मागे सरकला. दहा मिनिटंही थांबला नसेल. दिवसा अळंब्या फोडून तो शंभर वर्षं सापडला नसता. मी फक्त त्याला उचललं.

त्याच्यावरून ओळख पटली. जुन्या चार ओळींतलीच जात होती. नर नवा, वागणूक नवी. आमचा लेख छापून आला तेव्हा संस्थेत पेढे वाटले. लेखाची शेवटची तीन पानं, मादी अंडी कशी राखते ती, उल्काताईच्या वहीतून उतरवलेली होती. लेखक दोघे: सर आणि मी. तिचं नाव तळाशी, 'क्षेत्रकार्यातील सहकार्याबद्दल' आभार मानलेल्या पाच जणांत, जीपच्या ड्रायव्हरच्या आधी. सर म्हणाले होते, प्रकल्पातून बाहेर पडलेल्यांची नावं घालत नाहीत. मी हट्ट धरला नाही. ती माझा भुंगेरा चोरील म्हणून मी आठवडाभर तिच्या मागावर होते.

आता माझी रेणू सहा महिन्यांची आहे. संस्थेत मला स्वतःची खोली नाही, म्हणून संग्रहाच्या कोठीला आतून कडी लावून कपाटांच्या मध्ये स्टूलावर बसते. वीस मिनिटं. एका हाताने पंप धरायचा, दुसरा हात मोकळा असतो. हेसुद्धा त्याच हाताने लिहिलंय, चार-चार ओळी. दूध साकळून ताप आला की कोबीची पानं छातीवर ठेवतात, हेही आता मला ठाऊक आहे. परवा नवीन आलेल्या संशोधक मुलीने दार ठोठावलं. "मॅडम, आत काय चाललंय? नेहमी कडी का असते?" मी बाटली डोळ्यांसमोर धरून बघत होते. तिच्या काचेवर रेघा असतात. तीसची, साठची, नव्वदची.

उठून मी कुमाऊँचं कपाट उघडलं. पेटीत सात माद्या, एक नर आणि शेवटच्या खाचेत ती बाटली. आठ वर्षांत अल्कोहोल उडून जायला हवं होतं, पण ती काठोकाठ भरलेली. आमच्या संग्रहाचे हेगिष्टेकाका दर पावसाळ्यानंतर सगळ्या बाटल्या भरून ठेवतात, आत काय आहे ते न विचारता. तळाशी पांढरं बसलेलं होतं तसंच होतं. आणि माझ्या अक्षरात: 'विषारी?'

लांज्याच्या कनिष्ठ महाविद्यालयातून उल्काताईचा नंबर मिळवायला दोन दिवस गेले. ती तिथे अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. घरून फोन लावला.

"उल्काताई, मी केतकी."

"कुंभोजकर?"

"हो. मला तुला कधीचं—" मागे रेणू रडायला लागली.

"कितवा महिना?"

"सहावा संपतोय. ऐक ना, मला—"

"आधी बाळाला घे. भुकेचं रडणं आहे ते. माझा फोन कुठे पळून जात नाही."

तिने ठेवून दिला. मी आठ दिवसांनी पुन्हा केला. या वेळी रेणू झोपलेली होती आणि मला सगळं बोलता आलं, वही, तीन पानं, जीपचा ड्रायव्हर, सगळं. नियतकालिकाला दुरुस्तीचं पत्र लिहिलंय, लेखकांत तिचं नाव पहिलं घालायचंय, चालेल का, असं विचारलं.

"घाल," ती म्हणाली. "पण दुरुस्ती करतेच आहेस तर नीट कर. 'मादी अंडी राखते' एवढंच छापलंत तुम्ही. नुसती राखत नाही. अंडी चाटते ती बुरशी धरू नये म्हणून. माझ्या वहीत सहाव्या पानावर आहे. तेवढं वगळलंत."

"तू लेख वाचलास?"

"वाचला की. तुला काय वाटलं?"

आज कोठीत बसले तेव्हा एक कोरी चिठ्ठी कापून घेतली, नखाएवढी. पेन्सिलीला टोक केलं. लिहिलं: 'आईचं दूध. उल्का धामणस्कर.' त्याखाली, 'ओळख: केतकी कुंभोजकर' आणि यंदाचं साल. चिमट्याने ती बाटलीत सरकवली, झाकण घट्ट लावलं, बाटली पेटीतल्या तिच्या खाचेत परत ठेवली.

पहिली चिठ्ठी काढली नाही. काढायची नसते.